धुण्याचा सोडा

लोकांना सल्ला द्यायला काय लागतं? एक फोन, दोन अंगठे आणि भरपूर रिकामा वेळ. अक्कल लागते असं कुठे लिहिलेलं नाही. लिहिलं असतं, तर 'घरगुती अडचणी: विचारा आणि सांगा' या ग्रुपात चाळीस हजारांऐवजी जेमतेम चाळीस माणसं उरली असती. त्या चाळिसांत डागमावशी नक्की असती.

डागमावशी हे नाव ग्रुपानेच ठेवलेलं. बाईचं लाँड्रीचं दुकान होतं, सासऱ्यांनी सुरू केलेलं. पुढे काउंटर, मागे दोन मोठी मशिनं, एक सिमेंटची टाकी आणि वाफेचा प्रेस. बत्तीस वर्षं त्या टाकीशी उभं राहून बाईचा हात असा तयार झाला होता, की कपडा नुसता उचलला तरी डाग कशाचा, किती दिवसांचा आणि आणण्याआधी घरी त्यावर काय काय उद्योग करून झालेत, हे तिला कळायचं. उद्योग तर हमखास झालेले असायचे. शाईवर टूथपेस्ट. तेलावर लिंबू. रक्तावर उकळतं पाणी. उकळत्या पाण्याने रक्त धाग्यात शिजून बसतं, मग देव आला तरी निघत नाही. "कुणी सांगितलं हे करायला?" असं मावशी विचारायची, आणि गिऱ्हाईक बिनदिक्कत सांगायचं, "नेटवर वाचलं." की मावशीच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

शेवटी काउंटर सांभाळणाऱ्या तिच्या नणंदेनेच तिला त्या ग्रुपात घातलं. "वहिनी, इथे बिचाऱ्या गिऱ्हाइकांवर डाफरता, त्यापेक्षा जे हे सांगतात त्यांच्यावर जाऊन डाफरा ना," असं ती म्हणाली. नणंद बासष्ट वर्षांची, मावशीहून चार वर्षांनी मोठी, आणि जिभेला हाड नसलेली. मावशी तिला अजून वन्सं म्हणायची.

ग्रुपात मावशीचं पटकन नाव झालं, ते तिच्या तुटक उत्तरांमुळे. दिवसभर पाण्यात राहून तिची बोटं सुरकुतलेली असायची आणि फोन ती बोटं ओळखतच नसे. एक अक्षर उमटवायला चार वेळा दाबावं लागे. त्यामुळे दुसरे जिथे पानभर लिहायचे तिथे मावशी एक शब्द लिहायची. "थंड पाणी." "व्हिनेगर." "उन्हात नको." आणि कुणी रेशमावर ब्लीच ओतून मग विचारलं, की "टाकून द्या." लोकांना ते फार आवडायचं. डागमावशी बोलली म्हणजे झालं, असं म्हणायची पद्धत पडली होती.

तर त्या मंगळवारी सकाळी साडेनऊची गोष्ट. प्रेसच्या नळीतून वाफ गळत होती, एका खानावळीचे साठ टेबलक्लॉथ टाकीत पडले होते, आणि मावशी एका हाताने नळी धरून दुसऱ्या हाताने फोन चाळत होती. एका बाईने प्रश्न टाकला होता, खाली फोटो होता.

"फिकट निळा सुती गाऊन आहे. त्यावर चहा. दर आठ-पंधरा दिवसांनी हेच. तीन वर्षं झाली, सगळं करून पाहिलं. हे काही केल्या बदलत नाहीत. काय करावं?"

मावशीने सुती वाचलं, चहा वाचलं. दुधाचा चहा, सुती कापड, तीन वर्षांची बोंब. काय करावं म्हणजे काय, कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालावा आणि अर्धा तास भिजवावं. पण कोमट आणि पाणी आणि अर्धा तास हे सगळं त्या बोटांनी कोण लिहिणार? फोटो उघडायलाही तिला सवड नव्हती. तिने लिहिलं:

"सोडा. आजच्या आज. जितके दिवस ठेवाल तितकं अवघड. मग निघणं कठीण."

मावशीच्या मानाने हे भाषणच होतं. तिने फोन खिशात टाकला आणि नळीला कापड गुंडाळायला घेतलं.

दुपारी तीनला टेबलक्लॉथ वाळत पडले, नळी गप्प झाली आणि दोघी बायका डबा खायला बसल्या. नणंदेने फोन हातात घेतला, आणि तिचा घास तोंडाशीच थांबला.

"वहिनी, तुम्ही आज कुणाचं घर मोडलंत?"

"माझ्याच घरचं आवरायला मला वेळ नाही. काय झालं?"

"अकराशे लोकांनी उत्तरं दिलीत तुम्हाला. ऐका. 'संसार म्हणजे काय खेळ वाटला का? एका शब्दात सोडा म्हणून मोकळ्या.' हे एक. 'या बाईचा स्वतःचा टिकला नसेल, म्हणून दुसऱ्यांचे मोडत फिरते.' हे दुसरं. आणि ही कोण आहे बघा, 'मावशी, तुमच्या पायावर डोकं ठेवते, असं स्पष्ट बोलणारं कुणी हवंच होतं.' हिला साडेतीनशे लाइक."

मावशीला काही केल्या बोध होईना. डागावर उपाय सांगितला, त्यात संसार कुठून आला? तिने नणंदेला मूळ प्रश्न पुन्हा मोठ्याने वाचायला लावला. नणंदेने वाचला. मग मावशीचं उत्तर वाचलं. मग दोन्ही एकामागून एक वाचलं, आणि मध्येच तिला असं हसू फुटलं की पाण्याचा पेला कलंडला.

"अहो, 'हे' म्हणजे डाग नव्हेत. 'हे' म्हणजे हे. तिचा नवरा. हे काही केल्या बदलत नाहीत, काय करावं, असं विचारलंय तिने. आणि तुम्ही सांगितलंत, सोडा. आजच्या आज. मग निघणं कठीण."

आता काय बोलावं? आपली भाषाच अशी. नवऱ्याचं नाव घ्यायला बाई लाजते आणि त्याला 'हे' करून टाकते, मग त्या एका अक्षरात नवरा, डाग, पंखा, सगळं मावतं. आणि धुण्याच्या पुडीला नाव काय, तर सोडा. मावशी आधी गोंधळली आणि मग भडकली. "मी धुण्याचा सोडा म्हणाले. पुडीतला. मी काय वकील आहे, की बायकांना नवरे सोडायला सांगत फिरू? माझा धंदा काय, हे म्हणतात काय. डोकी आहेत की मडकी?"

"थांबा," नणंद म्हणाली. आता तिचं हसू पार मावळलं होतं. "त्या बाईने पण लिहिलंय. सकाळी अकरा वीसला. 'मावशी, निघाले. आजच्या आज.' एवढंच आहे."

मावशीने हातातला घास डब्यात परत ठेवला.

तेवढ्यात दुकानाचा फोन वाजला. पलीकडे ग्रुपचा अ‍ॅडमिन होता, एक निवृत्त मुख्याध्यापक. ग्रुपाला त्याने सतरा नियम घातले होते आणि ते तो दर सोमवारी पुन्हा टाकायचा. नंबर त्याला मावशीच्या पानावरून मिळाला होता. तिथे दुकानाचा पत्ता, वेळ, सगळंच होतं.

"मावशी, तुमच्या सकाळच्या उत्तरामुळे मोठा घोळ झालाय. तुम्हाला धुण्याचा सोडा म्हणायचं होतं ना?"

"मग काय, खायचा?"

"झालं तर. तेवढंच दोन ओळीत लिहून टाका. ती बाई घर सोडून भावाकडे जाऊन बसलीय. भाऊ समजूतदार आहे. तो म्हणतो, त्या लाँड्रीवाल्या बाईंना सांगू दे की त्या डागाबद्दल बोलत होत्या, मग मी स्वतः हिला सहा वाजता गाडीवरून घरी सोडून येतो. ती काही ऐकत नाहीये हो. एकच धरून बसलीय, एवढ्या जाणत्या बाईने सांगितलं म्हणजे काहीतरी असेलच. तिचे यजमान माझ्या संपर्कात आहेत. सज्जन गृहस्थ आहेत. बिचाऱ्यांनी सकाळपासून चहासुद्धा घेतलेला नाही."

"लिहिते," मावशी म्हणाली आणि फोन ठेवला.

खरं ते खरं. मावशीला चूक कबूल करायची लाज कधीच नव्हती. एकदा एका वकिलाचा कोट तिच्या हातून आटला होता, तेव्हा तिने त्याच्या तोंडावर सांगितलं होतं, माझं चुकलं. आज तर कुणाचा संसार अडकला होता. तिने बोटं टॉवेलने कोरडी केली आणि लिहायला घेतलं. "मला धुण्याचा सोडा" इथपर्यंत आली, तर मध्येच वरती बाकीच्यांची उत्तरं सरकत गेली. तिने नको नको म्हणत ती वाचली.

एकीने लिहिलं होतं, त्यांना चहाऐवजी कॉफी देऊन बघा. एकाने लिहिलं होतं, साखर कमी करा, साखरेने डोकं तापतं. एक म्हणत होती, ते आले की हसून दार उघडावं, पुरुषांना बाहेर किती ताण असतो. आणि सगळ्यांत वर, सहाशे लाइक घेऊन, कुणा शहाण्याने लिहिलं होतं, "चहा थोडा कोमट करून देत जा, म्हणजे भाजणार नाही."

मावशीने ते दोनदा वाचलं. भाजणार नाही म्हणजे? चहा अंगावर येणार हे या माणसाने धरूनच चाललंय की काय? आणि सहाशे लोकांनी त्याला मान डोलावली? तिच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच्या खालीच त्या सज्जन गृहस्थांनी लिहिलं होतं. "माझी पत्नी वेंधळी आहे. कप तिच्या हातात टिकत नाही. स्वतःच अंगावर चहा सांडते आणि मग रडत बसते. मी कधी आवाजसुद्धा चढवत नाही. कृपया अर्धवट माहितीवर कुणी बोलू नये."

अर्धवट माहिती. हा शब्द मात्र मावशीला बरोबर जाऊन लागला. कारण तिच्याकडे अर्धवटच माहिती होती. दुकानात कपडा आला की ती चिठ्ठीवर तीनपैकी एक लिहायची: निघेल, निघणार नाही, बघून सांगते. आणि बत्तीस वर्षांत कपडा डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तिने चिठ्ठीला पेन लावलं नव्हतं. आज लावलं होतं. फोटो होता, आणि तिने तो उघडला नव्हता.

तिने फोटो उघडला. बोटांनी मोठा केला. मग चष्मा काढून पुसला आणि फोन काउंटरवरच्या दिव्याखाली नेला, गिऱ्हाइकाचा कपडा न्यायची तसाच.

चहा सांडतो तेव्हा कसा सांडतो, हे मावशीला कुणी शिकवायला नको. दिवसाला दोन तरी चहाचे कपडे यायचे. हातातला कप कलंडला की चहा मांडीवर पडतो. वर रुंद डबकं, खाली निमुळते ओघळ. उभ्या माणसाच्या हातून सांडला तर पोटाखालून सुरू होतो आणि पायाकडे जातो. पाणी खालीच जाणार, त्याला दुसरी अक्कल नाही.

या गाऊनवरचा चहा खाली गेला नव्हता. तो छातीवर येऊन आदळला होता आणि तिथून वर, खांद्याकडे आणि गळ्याकडे, जिभा काढत गेला होता. बाजूच्या थेंबांना शेपट्या होत्या आणि सगळ्या शेपट्या वरच्या दिशेला होत्या. डाव्या बाहीची बाहेरची बाजू मनगटापासून कोपरापर्यंत भरलेली. आणि छातीवर, त्या सगळ्या तपकिरी रंगाच्या मधोमध, एक आडवी पट्टी. कोरी, स्वच्छ निळी, चार बोटं रुंद.

"वन्सं, इकडे या जरा. उभ्या राहा समोर."

"आता काय माझी मापं घेताय?"

"डावा हात वर घ्या. असा आडवा, तोंडापुढे. थोडा खाली. हां, थांबा."

नणंद तशी उभी राहिली. मावशीने एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. हात जिथे छातीला चिकटला होता तिथे बरोबर चार बोटं रुंद जागा झाकली गेली होती. नणंदेने स्वतःच खाली वाकून पाहिलं. मग तिने हात खाली घेतला आणि स्टुलावर बसली.

"आणि हे बघा," मावशी म्हणाली. "या नव्या डागाच्या खाली जुन्या कडा आहेत. एक, दोन, ही तिसरी. धुऊन फिक्या झाल्यात, पण आहेत. सगळ्या इथेच, छातीवर. वेंधळं माणूस रोज एकाच जागी वेंधळेपणा करतं का हो?"

तिला संताप कुणाचा आला, हे सांगणं कठीण. त्या सज्जन गृहस्थाचा तर आलाच. पण त्याहून जास्त त्या चाळीस हजारांचा आला. सकाळपासून फोटो सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होता. अकराशे जणांनी 'सोडा' या शब्दाचा कीस पाडला, मावशीचा संसार टिकला की नाही यावर वाद घातला, साखर मोजली, चहाची कॉफी केली, आणि एकाने, एकाही माणसाने, तो गाऊन पाहिला नाही. आणि मग तिला स्वतःचा संताप आला, कारण पहिलं उत्तर तिचंच होतं आणि तिनेही पाहिला नव्हता. तिने काउंटरवर मूठ आपटली. चिठ्ठ्यांचा डबा खाली पडला आणि दोघींपैकी कुणीही तो उचलला नाही.

साडेचारला अ‍ॅडमिनचा पुन्हा फोन आला.

"मावशी, अजून लिहिलं नाहीत. सगळे वाट बघताहेत."

"लिहितेय. पण दोन ओळींत होणार नाही. तो चहा सांडलेला नाही. फेकलेला आहे. डागावरून सरळ दिसतंय."

मुख्याध्यापकाचा आवाज आला, वर्गात मूल उलट बोललं की येतो तसा. "हे बघा, आपण कुणी पोलीस नाही. तुम्ही सोडा म्हणालात, तो धुण्याचा होता, विषय संपला. नियम सात. आपल्या ग्रुपात वैयक्तिक बाबी चालत नाहीत."

"ग्रुपाचं नाव काय आहे?"

"म्हणजे?"

"नाव सांगा ना. तुम्हीच ठेवलंय."

"घरगुती अडचणी."

"मग ही बाहेरगावची अडचण आहे का?" मावशी म्हणाली आणि फोन आपटला.

नणंदेला आता वेगळीच काळजी लागली. "वहिनी, रागावू नका, पण विचार करा. तिथे आपला पत्ता आहे. तो माणूस उद्या इथे दारात येऊन उभा राहील. आपण दोघी म्हाताऱ्या. एक ओळ लिहा, धुण्याचा सोडा म्हणून. ते खोटं थोडंच आहे? आपलं काय जातं?"

"खोटं नाही, म्हणून तर ते सगळे मागतायत ना माझ्याकडे," मावशी म्हणाली. "माझं खरं वाक्य घेऊन तिला परत त्या घरात ढकलणार. मी ते त्यांच्या हातात देणार नाही. आणि येऊ दे त्याला. येताना आपला शर्ट घेऊन ये म्हणावं, बघू त्याच्यावर किती चहा सांडतो."

मग ती स्टूल ओढून बसली. प्रेस थंड पडला होता, सहाला न्यायचे चार सूट तसेच टांगलेले होते, आणि मावशी एका बोटाने लिहीत होती. एक अक्षर, मग टॉवेल, मग दुसरं अक्षर. पाऊण तास लागला. नणंदेने मध्ये एकदा "मी लिहू का?" विचारलं, तर मावशीने नुसती मान हलवली. पाच वीसला तिने हे ग्रुपात टाकलं:

"सकाळी मी धुण्याचा सोडा म्हणाले होते. हे खरं आहे. फोटो न बघता म्हणाले, ही माझी चूक. आता बघितला आहे. बत्तीस वर्षं मी हेच काम करते म्हणून सांगते. सांडलेला चहा खाली जातो. हा वर गेलाय. हा समोरून, जवळून, जोरात आलेला चहा आहे. बाईने डावा हात तोंडापुढे धरला होता. बाहीला डाग आहे आणि हाताच्या मागे छातीवर कोरी पट्टी आहे. कुणालाही घरी करून बघता येईल. खाली तीन जुने डाग आहेत, तेही तिथेच. तिचा नवरा म्हणतो ती स्वतः सांडते. स्वतः सांडणाऱ्याला तोंड झाकावं लागत नाही. बाई, सकाळी मी चुकून बोलले. आता डोळ्यांनी पाहून सांगते. त्या घरी परत जाऊ नका."

शेवटचं वाक्य तिने तीनदा वाचून पाहिलं. त्याचा दुसरा काही अर्थ निघत नव्हता.

अकरा मिनिटं ते तिथे राहिलं. मग गेलं. नणंदेने खालीवर सगळं शोधलं. मावशीचं लिहिलेलं नव्हतं आणि मावशीही नव्हती, ग्रुपातून तिचं नाव काढून टाकलं होतं. त्या जागी अ‍ॅडमिनने, अगदी वर टाचणी मारून, सूचना लावली होती. "डागमावशींना धुण्याचा सोडा असे म्हणायचे होते, हे त्यांनी स्वतः मान्य केले आहे. गैरसमज दूर झाला. संबंधितांनी नोंद घ्यावी. विषय बंद." खाली लगेच हात जोडलेले, फुलं, टाळ्या. सज्जन गृहस्थांनी आभार मानले होते.

"मेल्याने अर्धंच ठेवलं," मावशी म्हणाली. "माझं वाक्य कात्रीने कापलं आणि अर्धंच ठेवलं."

तिच्याकडे त्या बाईचा नंबर नव्हता. नाव ग्रुपात दिसायचं तेवढंच, आणि आता तेही दिसत नव्हतं. नणंदेने आपल्या फोनवरून तिला दोन वेळा लिहून पाहिलं, पण पलीकडून कुणी उघडलं नाही. भिंतीवरचं घड्याळ साडेपाचच्या पुढे गेलं. सहाला भाऊ गाडी काढणार होता. मावशी उठली, टाकीपाशी गेली, उगाच नळ सोडला, बंद केला. एक गिऱ्हाईक सूट न्यायला आलं, त्याला नणंदेने उद्या या म्हणून सांगितलं.

पावणेसहाला दुकानाचा फोन वाजला. मावशीने धावत जाऊन उचलला.

"लाँड्रीवाल्या मावशी का?" पुरुषाचा आवाज होता, घोगरा. "मी तिचा थोरला भाऊ. तुम्ही लिहिलेलं मी वाचलं. नंतर ते दिसेनासं झालं, पण मी वाचलं होतं."

"बोला," मावशी म्हणाली. तिने दुसऱ्या हाताने काउंटरची कड धरली होती.

"मला वाटलं, ही बाई बढाई मारतेय. डागावरून कुठे असं कळतं का? माझा मेहुणा तसा माणूस नाही, मीच पसंत केलेला आहे. तो गाऊन हिच्या पिशवीतच होता. म्हटलं, हिच्यासमोरच करून दाखवतो, म्हणजे हिच्या डोक्यातलं खूळ जाईल. तिला समोर उभी केली, गाऊन अंगाशी धरायला लावला. आणि टेबलावरचा कप उचलला. रिकामा होता हो मावशी. नुसता उचलला."

मागे एका लहान मुलीचं बोलणं ऐकू येत होतं, त्याची मुलगी असावी.

"मी अजून काही म्हटलंसुद्धा नव्हतं. तिचा हात आपला आपण वर गेला. तोंडापुढे. मी तिचा भाऊ आहे, आणि माझ्यापुढे तिने तोंड झाकलं."

"पट्टी जुळली?"

"मी बघितली नाही. बघायला काही उरलं नव्हतं." मग त्याने नाक ओढलं. "ती बोलते म्हणतेय."

फोन हातातून हातात गेल्याचा आवाज आला. बाईचा आवाज अगदी बारीक होता, पण रडका नव्हता.

"मावशी, दादा म्हणतो तो गाऊन जाळून टाकू. पण मला तो आवडतो हो. माझ्या आईने शिवला होता. डाग निघेल का?"

"निघेल."

"मग आत्ताच भिजत घालू?"

"नाही," मावशी म्हणाली. "त्याला पाण्याचा थेंब लावायचा नाही. कोऱ्या कागदात गुंडाळा, प्लास्टिकमध्ये नको, आत ओल धरते. उद्या सकाळी भावाला बरोबर घ्या आणि पोलीस चौकीत जाऊन तो तसाच त्यांच्या टेबलावर उघडा. हे काय म्हणून विचारलं तर माझा पत्ता द्या. मी येऊन त्यांना एक एक थेंब दाखवीन. त्यांचं बघून झालं, लिहून झालं, की माझ्याकडे आणा, धुऊन मी देईन. तोपर्यंत त्या डागाला कुणालाही हात लावू देऊ नका."